एका काठाला एकच अट

सरांनी मला मराठीत विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "अक्कल घरी ठेवून आलीस काय गं?"

त्याआधी सव्वा महिना ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते आणि मी त्यांना कानडी समजत होते. आता यात माझी काय चूक? बेंगळुरात आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं बाहेरून ओळखू येत नाहीत. दुकानात कानडी, शाळेत इंग्रजी, आणि तुपाची बरणी हातातून सुटली की मराठी. सरांच्या घरचंही तेच होतं. म्हणून त्यांनी सरळ वाटणी करून टाकली होती : शिकवायचं इंग्रजीत, शिपायाशी बोलायचं कानडीत आणि रागवायचं मराठीत. वर्गात मराठी कळणारी मी एकटी, त्यामुळं अख्ख्या वर्गावरचा राग माझ्या अंगावर यायचा. "त्या मागच्या बाकावरच्या गाढवानं काय लिहून ठेवलंय बघ," असं ते माझ्याकडे डोळे वटारून म्हणायचे, आणि मागच्या बाकावरचा तो बापडा, काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं समजून वही उघडायचा.

एम.टेक.ला ते माझे गाइड झाले. विषय त्यांचाच, आयुष्यभराचा. सांगायला अगदी सोपा. लाकडाची पातळ फळी घ्या. रेषांच्या दिशेनं वाकवायला जा, ती दाद देत नाही. आडवी वाकवा, मुकाट्यानं वाकते. अशा, एका दिशेला ताठ आणि दुसरीला मऊ असलेल्या पदार्थाला अनायसोट्रॉपिक म्हणतात. आता त्या फळीचा थोडा काठ भिंतीला घट्ट चिकटवा, उरलेला मोकळा ठेवा किंवा ढकला. मग आत कुठं किती ताण येतो ते कागदावर काढा. संपला विषय. सरांना त्यात तीस वर्षं गेली होती आणि अजून कोपरे राहिले होते.

या गणिताचा एक नियम आहे, तो इथंच सांगते, कारण तो कळला की सर कळले. काठाच्या एका ठिकाणी एकच अट घालता येते. एकतर तो काठ कुठं जाऊन थांबेल ते तुम्ही सांगा, मग तिथं किती जोर लागेल ते फळी ठरवेल. नाहीतर तुम्ही जोर सांगा, मग काठ कुठं जाईल ते फळी ठरवेल. जागाही मी सांगणार आणि जोरही मीच सांगणार, असं म्हटलंत की गणित मोडतं. उत्तरच राहत नाही.

आता एखाद्या शहाण्या माणसानं हा नियम फळीपुरता ठेवला असता.

सरांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली असायच्या. निळी जागेसाठी, लाल जोरासाठी. प्राचार्यांचं एकदा परिपत्रक आलं की सर्वांनी सकाळी नऊला हजर राहावं आणि उत्साहानं काम करावं. सरांनी 'नऊला' खाली निळी रेघ मारली, 'उत्साहानं' खाली लाल, आणि समासात लिहिलं, "प्रश्न चुकीचा मांडला आहे. उत्तर अस्तित्वात नाही." कागद परत गेला. त्यावर खुलासा मागणारा कागद आला : चोवीस तासांत आणि समाधानकारक खुलासा द्यावा. सरांनी 'चोवीस तासांत' खाली निळी रेघ मारली.

रिक्षाचं तर विचारूच नका. बेंगळूरचा रिक्षावाला आधी कुठं जायचं विचारतो, मग पैसे किती ते सांगतो, मग दोन्हीवर भांडतो. सरांनी त्यावर तोडगा काढला होता. रिक्षात बसायचं आणि शंभराची नोट पुढं करायची. "जागा सांगत नाही. एवढ्यात जितकं जाईल तितकं ने." एकदा मारतहळ्ळीहून इंदिरानगरच्या स्वतःच्या घरी येताना रिक्षावाल्यानं त्यांना अर्ध्या वाटेत उड्डाणपुलाखाली उतरवलं. सर उरलेलं अंतर चालत आले, घामाघूम, आणि दारातच म्हणाले, "बिलकूल भांडण झालं नाही." त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का म्हणाल्या, "अय्यो, रिक्षावाला घरी जाऊन जेवला असेल बघा, आणि तुम्ही आत्ता येताय!"

अक्का गरीब नव्हत्या, बरं का. "लवकर या, पण घाई करू नका," असं त्या मुद्दाम रोज सांगायच्या आणि सर रोज जिन्यात थांबून, "दोन्ही नाही, कमला, दोन्ही नाही, एक सांग," असं म्हणायचे. मला त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्या वर्षांत त्यांना एकदा तरी काहीही न बोलता जिना उतरताना बघायचंय मला." त्यांच्याविषयी सरांचं मत असं की ही बाई पूर्व-पश्चिम अतिशय लवचीक आहे, फक्त दक्षिण-उत्तर ताठ. याचा अर्थ काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

आता माझी गोष्ट. माझ्या आप्पांचं यशवंतपूरला प्लायवुडचं घाऊक दुकान. मागं दारं चिकटवायचा छोटा प्रेस, पुढं गल्ला. मी एकुलती एक. आप्पा म्हणायचे, "तुला काय शिकायचं ते शीक, पोरी. मी मध्ये येणार नाही. तुझ्या मनाप्रमाणं होऊ दे. फक्त आयुधपूजेला गल्ल्यावर बसलेली दिसलीस म्हणजे झालं." आयुधपूजा म्हणजे खंडेनवमी, आमच्याकडे वर्षाचा मोठा दिवस. प्रेसला हार घालायचा, दारात कोहळा फोडायचा, आणि त्या दिवसापासून नवा माणूस कामाला लागायचा. इकडं कॉलेजात पीएच.डी.साठी माझी जागा धरून ठेवली होती, पण त्याआधी एम.टेक.च्या प्रबंधावर सरांची सही हवी. आयुधपूजेच्या आत सही झाली तर आप्पांशी भांडायला माझ्या हातात काहीतरी होतं. नाही झाली तर गल्ला. मला गल्ल्याचा राग नव्हता हो. दुसऱ्यानं धरून बसवण्याचा राग होता.

प्रबंध झाला होता. कॉम्प्युटरनं फळीचे बारीक बारीक तुकडे पाडून ताण मोजला होता आणि सगळीकडे उत्तर छान जुळत होतं. फक्त दोन बिंदू सोडून. जिथं चिकटलेला काठ संपतो आणि मोकळा सुरू होतो, तिथं. तुकडे आणखी बारीक केले की तिथला आकडा वाढायचा. अजून बारीक, अजून मोठा. मला वाटलं, कधीतरी थांबेल. चार दिवस मशीन चालू ठेवलं. कसला थांबतोय! वर तो नुसता वाढत नव्हता, उलटसुलट होत होता : इथं दाबतोय, जरा पुढं ओढतोय, आणखी पुढं परत दाबतोय.

मग मी ते केलं जे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी केलेलं असतं. आलेखावर कुठल्या रंगाची रेघ कशाची ते सांगणारी एक चौकोनी पेटी असते. ती कुठंही ठेवता येते. मी ती बरोबर त्या बिंदूच्या कोपऱ्यावर ठेवली. दोन आलेख, दोन पेट्या, दोन्ही बिंदू झाकले गेले. दिसायला एकदम नेटकं.

सरांनी पान समोर धरलं. मग लांब धरलं. मग टेबलाच्या खणातून दाढीचं ब्लेड काढलं आणि त्या पेटीची एक कड खरवडायला लागले. खरंच सांगते, कागदाखाली काहीतरी सापडेल अशा आशेनं माणूस ब्लेडनं खरवडत होता. भोक पडलं. भोकातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"या पेटीखाली काय पुरलंयस?"

मी म्हटलं, "सर, दोनच बिंदू आहेत. बाकी सगळी फळी बरोबर आलीय."

"अगं, बाकी फळीला काय धाड भरलीय? तडा कुठं जातो? जिथं एक अट संपते आणि दुसरी सुरू होते, तिथंच जातो ना? तेवढीच जागा तू झाकून ठेवलीस!" एवढं सगळं मराठीत, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. मग त्यांनी कागदावर सांगितलं ते मी विसरणार नाही. त्या बिंदूच्या जवळ जाल तसं फळी हो म्हणते, मग नाही, मग हो, मग नाही. जितकं जवळ जाल तितक्या जास्त वेळा, मोजता येणार नाही इतक्या वेळा. गणित असं म्हणतं. लाकूड असं कसं म्हणेल? कुठलं लाकूड एवढं हो-नाही करत बसेल? तीस वर्षं हाच त्यांच्या घशात अडकलेला घास होता.

"हे सुटल्याशिवाय सही नाही," ते म्हणाले.

मी रडले. सरळ भोकाड पसरलं. आयुधपूजा, गल्ला, आप्पा, सगळं एका दमात सांगितलं. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझे वडील म्हणाले काय ते नीट शब्दात सांग." मी सांगितलं : मनाप्रमाणं शीक, पण गल्ल्यावर दिस. सरांनी प्रबंधाच्या मागच्या पानावर ते लिहिलं. 'गल्ल्यावर' खाली निळी, 'मनाप्रमाणं' खाली लाल. "दुकान कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

शनिवारी सकाळी मी दुकानात होते तेव्हा सर आले. नक्कीच शंभराच्या नोटेवर आले असणार, कारण बुटांवर धूळ होती. काखेत प्लायवुडचा दीड हात तुकडा, अर्धा काठ गोंदानं एका पट्टीला चिकटवलेला, काठावर निळ्या-लाल रेघा आणि कोपऱ्यात तडा. मी उठून ओळख करून द्यायच्या आत त्यांनी तो तुकडा आप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि कानडीत म्हणाले, "इथं तडा गेलाय."

आप्पा न बघता कानडीत म्हणाले, "वापरलेला माल परत घेत नाही."

"परत कोण देतोय? तडा इथंच का गेला ते सांगा."

"तुमच्या सुताराला विचारा."

"सुतार मीच!"

"मग स्वतःला विचारा."

मी मध्ये पडायला बघत होते, पण दोघंही एकमेकांच्या तोंडाचा पट्टा संपायची वाट बघत नव्हते. हमाल काम थांबवून उभे राहिले. शेवटी सरांचा तोल गेला आणि ते मराठीत ओरडले, "अहो, डोकं आहे का खोकं? एवढा मोठा माणूस, आणि साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही!"

आप्पा एकदम थांबले. चेहरा असा फुलला की विचारू नका. "अरे! तुम्ही आपल्यातले होय! आधी नाही का सांगायचं? बसा, बसा. एक बाय टू कॉफी सांगा रे!"

एक कॉफी दोन पेल्यांत आली आणि दोघांची सोयरीक जमल्यासारखं झालं. मग मी सांगितलं की हे माझे सर. आप्पा म्हणाले, "मला वाटलंच," जे साफ खोटं होतं. सरांनी कोपरा दाखवला. आप्पांनी चष्मा चढवला, तडा अंगठ्यानं चाचपला, आणि हसले.

"गोंद एकदम तोडलाय तुम्ही. इथवर पूर्ण, इथून पुढं काहीच नाही. मग फाटणारच की!"

"मग काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? शेवटाला बोटानं ओढत न्यायचा. असा. स्वल्प, स्वल्प, स्वल्प, पातळ करत. गोंद कुठं संपला ते गोंदालासुद्धा कळू नये." आप्पांनी डब्यात बोट बुडवलं आणि एका कोऱ्या फळीवर ओढून दाखवलं. सर गुडघ्यांवर बसले, नाक फळीला लावून. उठले तेव्हा नाकाच्या शेंड्यावर गोंद होता आणि तो तसाच ठेवून ते माझ्याकडे वळले. "अट एकदम बदलायचीच नाही," ते म्हणाले. "हळूहळू बदलायची. तीस वर्षं मी अक्कल घरी ठेवून येत होतो गं."

मला वाटलं, आता निघतील. पण त्यांनी खिशातून प्रबंधाचं ते मागचं पान काढलं. आप्पांपुढं धरून ते म्हणाले, "हे तुमचं वाक्य. यात दोन अटी आहेत, एकाच काठावर. ती कुठं बसेल तेही तुम्ही सांगता, आणि मनापासून बसेल तेही तुम्हीच सांगता. याला उत्तर नाही. जागा सांगा, नाहीतर जोर सांगा. एकच."

"अहो, पोटची पोर आहे माझी. दोन्ही नको का मला?"

"हवं असतं. मिळत नाही."

आप्पा जरा चिडले. "तुम्हाला मुलं आहेत का?"

"एक मुलगी. दूर असते. पाच वर्षं आली नाही."

"मग तिला तुम्ही काय सांगितलंत?"

सरांनी पेला खाली ठेवला. नाकावरचा गोंद वाळला होता. ते हातातल्या पानावरची लाल रेघ अंगठ्यानं चोळायला लागले, आणि मला फार वाईट वाटलं, खरंच सांगते, त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"दोन्ही," ते म्हणाले.

आप्पांनी ते पान हातात घेतलं, निळी रेघ बघितली, लाल रेघ बघितली, गल्ल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सरांच्या खिशातली पेन्सिल न विचारता उचलली आणि 'गल्ल्यावर दिस' हे शब्द खोडून टाकले.

"जोर माझा," आप्पा म्हणाले. "फी भरीन, पाठीशी राहीन. जाईल तिथं जाईल." मग नाक ओढून माझ्यावर खेकसले, "रडतेस काय? ग्राहक बघतायत!"

पुढचं प्रकरण मी अकरा दिवसांत लिहिलं. गोंद हळूहळू पातळ होत जातो असं धरलं, की कोपऱ्यातलं हो-नाही थांबलं आणि आकडा एका ठिकाणी गुमान बसला. सरांनी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सही केली, निळ्या पेन्सिलीनं. ऑफिसनं पेन्सिल चालत नाही म्हणून कागद परत पाठवला. मग त्यांनी शाईनं केली, पण शेवटचं अक्षर लांब ओढत, पातळ करत, कुठं संपलं ते कळणार नाही असं. आयुधपूजेला मी दुकानात गेले. प्रेसला हार मीच घातला, कोहळाही मीच फोडला. गल्ल्यावर आप्पा बसले होते.

सरांच्या मुलीचं मला नंतर अक्कांनी सांगितलं. दर युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी सर तिला फोनवर लांबलचक निरोप लिहायचे. "ये. पण केवळ मी म्हणतो म्हणून येऊ नकोस, मनापासून वाटलं तरच ये. आणि वाटलं नाही तर ते का वाटत नाही याचाही विचार कर." असं अर्धं पान. ती काहीच उत्तर द्यायची नाही. कोण देईल? त्या वर्षी सरांनी तो निरोप आधी वहीत लिहिला, निळ्या आणि लाल रेघा मारल्या, आणि लाल सगळं काढून टाकलं. उरला तो एक शब्द पाठवला.

युगादीला मी प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. दार एका बाईनं उघडलं. केस विस्कटलेले, हातात विमानाची चिठ्ठी अजून लटकलेली बॅग, आणि डोळे असे वटारलेले की ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

"तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी काय? बरं झालं आलात. ऐका तुम्हीच! दर वर्षी निबंध लिहितो हा माणूस, आणि यंदा एक शब्द! मला वाटलं, गेले! मला वाटलं, हॉस्पिटलातून शेवटचं लिहिलंय! दोन विमानं बदलून येते तर हे इथं बेवु-बेल्ल खात बसलेत!"

सगळं मराठीत. एका दमात, आवाज चढवून, घरच्या अस्सल मराठीत.

सर आत पाटावर बसले होते. हातात कडुनिंब आणि गुळाची वाटी. कडू आणि गोड दोन्ही एकदम तोंडात टाकायचं असतं त्या दिवशी. पण त्यांची वाटी हातातच राहिली होती. मी पाया पडले तर मला बघितलंसुद्धा नाही. ते तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्या प्रकृतीवर, फोनवर, धुळीच्या बुटांवर, पाच वर्षांवर, प्रत्येक गोष्टीवर तोंडसुख घेत होती आणि ते बक्षीस समारंभाला बसल्यासारखे ऐकत होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

"परवाचं परतीचं तिकीट आहे माझं!" ती म्हणाली.

सरांचं तोंड उघडलं. त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलींकडे गेला आणि मधूनच परत आला.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं'. एवढंच.

मी प्रत टेबलावर ठेवली आणि सटकले. जिन्यात चपला घालत होते तेव्हाही वरून तिचा आवाज येत होता. "असं लिहितात का कुणी? ये? नुसतं ये? ना कारण, ना खुशाली, ना काही! काय समजायचं माणसानं?"

मग सरांचा आवाज आला, अगदी हळू.

"आलीस ना."